समुद्राकडचे दोर

दुपारी वारा एकदम थांबला. सकाळपासून तो जमिनीकडून समुद्राकडे सुटला होता आणि दादरच्या किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या अकरा होड्या दोरांना ताण देत कुरकुरत होत्या. आता दोर सैल पडले. ढगांत फट पडून ऊन आलं. परळच्या गिरणीचा भोंगा आज पहिल्यांदाच ऐकू आला.

कोळीवाड्यातली माणसं बाहेर आली. गुणवंती सगळ्यांत आधी पाण्यापर्यंत पोचली. तिला नवऱ्याची होडी दिसली. खडकांच्या पलीकडे, खूप लांब. डोलकाठी मोडली होती. एकच माणूस वल्हं मारत होता, आणि ते वल्हवणं तिच्या ओळखीचं होतं. लहू जिवंत होता.

वारा पडला की अडकलेल्याला आणायला किनाऱ्यावरची पहिली होडी लोटायची, अशी वाड्याची रीत. त्यासाठी कुणाला विचारावं लागत नसे. रामचंद्र आणि आणखी चौघे दोर सोडायला लागले.

"थांबा," लहूचा बाप धर्मा म्हणाला. तो वाड्याचा पाटील होता. शेजारी त्याची म्हातारी आत्या पुतळाबाई उभी होती. असं तुफान तिने लहानपणी एकदा पाहिलं होतं.

"दमलेला वारा असा जात नाय, धर्मा," ती म्हणाली. "खाडीच्या तोंडाशी भोवरा बघतोस ना? मधे पोकळ, आणि पोकळीच्या कडेला सगळ्यात जास्त ओढ. एक कड गेली. आता आपण पोकळीत आहोत. दुसरी कड समुद्राकडून येईल."

म्हातारीला ऊनही दिसत नाही का, असं रामचंद्राने हसत विचारलं. मग तो धर्माकडे वळला. "पाटील, पोरगा तुमचाच आहे ना?"

मागच्या वेळी पोकळी किती टिकली होती, ते धर्माने आत्याला विचारलं. चुलीवर भात शिजेपर्यंत, ती म्हणाली. खडकांपर्यंत जायलाच तेवढा वेळ लागला असता.

होड्यांचे सगळे दोर जमिनीकडच्या खुंटांना बांधलेले होते. वारा उलटला असता तर एकही होडी जागेवर राहिली नसती, आणि होड्यांच्या मागे लगेच झोपड्या होत्या.

"होडी कुणी लोटायची नाय," धर्मा म्हणाला. "समुद्राकडे खुंट ठोका. दोर त्या बाजूला घ्या."

कुणी हललं नाही. मग त्यानेच पहिला खुंट वाळूत रोवला आणि दगडाने ठोकायला लागला. थोड्या वेळाने रामचंद्र शिव्या देत खुंट धरायला आला.

गुणवंती सासऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मामा, इतकं शांत आहे. मी हाक मारली तर त्याला ऐकू जाईल."

"हाक मारून काय सांगशील त्याला?"

धर्माने दोराचं टोक तिच्या हातात दिलं. होडी ओढून धरायची तर समुद्राकडे पाठ करावी लागत होती. तिने केली.