एका हाताचा बोर्ड

बटाटा तिसऱ्यांदा निसटला. गुळगुळीत पांढऱ्या बोर्डवरून घरंगळत गेला तो थेट कॅमेऱ्याच्या स्टँडपाशी जाऊन थांबला.

“कट,” डिझायनर म्हणाला. “आजी, तुम्ही जरा चुकीचं धरताय.”

“एकच हात आहे हो, साहेब. त्यात सुरी आहे. चुकीचं धरायला दुसरा कुठून आणू?”

कॅमेरावाल्याला हसू फुटलं. बाई हसल्या नाहीत. छापखान्यात तीस वर्षं पुस्तकं बांधलेल्या त्या. हसण्यावारी न्यायचं काय आणि नाही काय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पक्षाघातात गेलेला उजवा हात त्यांच्या मांडीवर, कुणीतरी सांभाळायला दिलेल्या पर्ससारखा पडला होता.

दोन महिन्यांपूर्वी कंपनीची हीच मंडळी त्यांच्या घरी आली होती. बाईंनी स्वतः जुळवलेली फळी त्यांनी उलटसुलट करून पाहिली. दोन खिळे खालून वर ठोकलेले, त्यांवर बटाटा रोवायचा. कोपऱ्याला पट्टी, तिला पाव टेकवायचा. तळाला सायकलच्या ट्यूबचे तुकडे, म्हणजे फळी जागची हलत नाही. ढीगभर फोटो निघाले, वाहवा झाली. आणि तिच्यावरून हा बोर्ड तयार झाला. खिळे गेले, पट्टी गेली, रबर गेलं. खिळे पाहून म्हणे लोकांना दवाखाना आठवतो. राहिला तो मधोमध एक उथळ, देखणा खळगा.

“आई, जाऊ द्या ना,” सून कानाशी लागली. “माणसं चांगली आहेत.”

डिझायनरने घड्याळ पाहिलं. “बटाटा नको. काकडी घेऊ. ताई, तुम्ही इकडे या. इथे खाली बसा. एका हाताने बोर्ड धरा, दुसऱ्याने काकडीचं ते टोक. तुम्ही फ्रेममध्ये येत नाही.”

सून टेबलाच्या कडेला गुडघ्यांवर बसली. बाईंनी सुरी चालवली. एकसारख्या पातळ चकत्या सरसर पडल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“सुंदर! आता फक्त एक वाक्य, आजी. कॅमेऱ्याकडे बघून म्हणा, ‘आता मला कुणाचीच मदत लागत नाही.’”

बाईंनी सुनेकडे पाहिलं. तिच्या हातात अजून काकडीचं टोक होतं.

“आणि ही काय करतेय?”

“त्या दिसत नाहीत हो.”

“दिसत नाही म्हणजे ती नाहीच होय? हा बोर्ड विकत घेईल त्या बाईला खोक्यातून सूनही पाठवणार का तुम्ही?”

“आजी, हा नुसता व्हिडिओ आहे...”

“वर्षभर घरात सगळ्यांची भाजी मी माझ्या फळीवर चिरतेय,” बाईंचा आवाज चढला. “एकटी. एकदाही कुणाला हाक मारली नाही. हिला विचारा. पहिल्यांदा कुणाला बोर्ड धरून बसावं लागलं ते इथं, तुमच्या टेबलावर. आणि वर मीच म्हणू, मदत लागत नाही?”

सून हळूच उठली. काकडीचा तुकडा तिने टेबलावर ठेवला आणि सासूच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

बाईंनी सुरी डिझायनरपुढे सरकवली. “डावा हात खिशात घाला. उजवा राहू दे, तेवढी सूट दिली. चिरा बटाटा.”

त्याने हसत इकडेतिकडे पाहिलं. कुणीच हसत नव्हतं. मग त्याने डावा हात खिशात घातला, बटाटा नीट खळग्यात बसवला आणि सुरी टेकवली.

बटाटा सटकला. त्याचा डावा हात आपसूक खिशातून बाहेर आला आणि टेबलाच्या काठावर त्याने बटाटा अलगद झेलला.

“तो आत घाल,” बाई म्हणाल्या. “तो हात तुला नाहीये.”