नापास पुंगळ्या

चार गोळ्या एकाच भोकातून गेल्या होत्या आणि व्हर्नकडे पुंगळी एकच उरली होती.

स्पर्धा पाच गोळ्यांची. बाकीच्यांनी डबे भरून काडतुसं आणली होती. व्हर्न मात्र काडतुसाची तीच एक पितळी पुंगळी झाडायचा, रायफलीतून काढायचा, तिथल्या तिथे टेबलावर नवी दारू आणि गोळी घालून पुन्हा भरायचा आणि परत झाडायचा. मागे उभा राहून क्लेटन बघत होता. क्लेटन आज नेम मारायला आलाच नव्हता. तो घोंगडी घेऊन आला होता. रायफल गुंडाळून न्यायला.

कारण व्हर्नने अख्ख्या क्लबसमोर जाहीर केलं होतं: शेवटची पुंगळी नापास झाली की रायफल क्लेटनला विकायची आणि उरलेलं आयुष्य मासे धरायचे. व्हर्नला मासे बघवत नसत.

पुंगळ्या मुळात शंभर होत्या. त्याही अशातशा नव्हेत. पाचशे विकत आणून त्याने सगळा हिवाळा स्वयंपाकघरात त्या निवडल्या होत्या. एकेकीचं वजन केलं. एकेकीची मान चारी बाजूंनी मोजली. एका अंगाला जाड निघाली की बाद. बुडातलं ठिणगी जायचं बारीक छिद्र भिंगातून पाहिलं. काटा इतका नाजूक होता की त्याची बायको आर्डिस तो हिवाळाभर स्वयंपाकघरात बेताने श्वास घेत होती. "लग्नाआधी मला एवढं निरखलं असतंस तर मी सुटले असते," असं ती म्हणे. पण फुंकर न घालता, हळू.

मग मैदानावर एक ठरलेला प्रकार सुरू झाला. गोळी जरा बाहेर गेली की व्हर्न पुंगळी हातात घ्यायचा आणि उधळ्या जावयाकडे बघावं तसा तिच्याकडे बघायचा. "हिच्यात खोट आहे," म्हणायचा. झालं, ती बाद. अशी कितीतरी वर्षं गेली. खोट दर वेळी पुंगळीतच सापडली. दुसरीकडे कुठे ती शोधलीच गेली नव्हती.

बाद पुंगळ्या आर्डिस घेई. त्यांचं तिने ओसरीत तोरण बांधलं होतं. बुडाशी असलेल्या खाचेत दोरा गुंडाळायचा, गाठ मारायची, लटकवायची. मोंटानातला वारा गाठी टिकू देत नसे. पुंगळ्या गवतात पडत. ती वेचून आणी, पुसे आणि परत बांधे.

"अगं, ड्रिल आणून देतो," क्लेटन एकदा म्हणाला होता. "बुडात भोक पाड, दोरा ओव. जन्मात पडायची नाही."

"राहू दे. मला गाठी मारायला आवडतं."

बोटांत संधिवात असलेल्या बाईने असं म्हणावं, हे क्लेटनला विचित्र वाटलं. पण त्या घरात विचित्र गोष्टींना तोटा नव्हता. व्हर्न तर त्या तोरणाकडे बघतही नसे. नापास मंडळींना ओळख दाखवणं त्याने सोडलं होतं.

"उरक रे, म्हाताऱ्या," क्लेटन आता म्हणाला. "घोंगडी गार पडतेय."

टेबलं आणि निशाणं यांच्यामध्ये, वारा कळावा म्हणून, लहान लहान झेंड्या रोवल्या होत्या. चारही गोळ्यांच्या वेळी त्या डावीकडे फडफडत होत्या. व्हर्नने पाचव्यांदा पुंगळी भरली, गाल टेकवला, डोळा लावला. मधली झेंडी लुळी पडली. मग उजवीकडे वळली. व्हर्नने चाप ओढला.

गोळी बोटभर बाहेर गेली.

क्लेटन घोंगडी उलगडू लागला. व्हर्नने ऊन ऊन पुंगळी हातात घेतली. मान बघितली. बूड बघितलं. पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. एक-दोघांचे तर ओठही हलायला लागले होते.

"झेंडी फिरलेली मला दिसली होती," व्हर्न म्हणाला. "दिसली होती, तरी मी चाप ओढला."

कुणाचे ओठ हलेनात.

"मग ही पुंगळी?" क्लेटनने विचारलं.

"पुंगळीला काय धाड भरलीय? चांगली आहे की." एवढं बोलून व्हर्न थांबला. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. "म्हणजे त्या बाकीच्यासुद्धा..."

क्लेटन घोंगडीची घडी घालू लागला. ती नीट बसेना.

घरी जाताना व्हर्न ट्रक नेहमीपेक्षा जोरात हाकत होता. बुडात दोऱ्यासाठी भोक पाडलेली पुंगळी पुन्हा भरता येत नाही. आणि तोरण म्हटलं की भोक आलंच.

आर्डिस ओसरीत वाटाणे सोलत बसली होती. "विकलीस?"

"नाही."

तो सरळ तोरणाखाली जाऊन उभा राहिला. एक पुंगळी धरून त्याने बूड वर केलं. मग दुसरीचं. मग खिशातून चष्मा काढून तिसरीचं. वारा आला तसं अख्खं तोरण त्याच्या टोपीवर टकटक आपटायला लागलं.

"आर्डिस, भोकं कुठायत?"

"पाडली नाहीत." तिने वाटाण्यांचं भांडं खाली ठेवलं आणि शेजारच्या खिळ्यावरची कात्री काढून त्याच्या हातात दिली. "पाचशेतून तू निवडलेल्या. सगळ्याच नालायक कशा निघतील? तू कधीतरी परत मागणारच होतास. तेव्हा भोकं बुजवत कोण बसलं असतं?"