शेवटची सूचना खरी

“दोन्ही सूचना एकत्र कोण देतं?” कंपनीच्या मॅडम म्हणाल्या. “वापरणाऱ्याची चूक. तसा अहवाल लिही आणि मोकळा हो.”

प्रोग्रामरने लिहायला घेतलं. मशीनवर सॉफ्टवेअर टाकणारा हा इन्स्टॉलर त्यानेच बनवलेला. घशाच्या दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या ताईंनी इन्स्टॉलरला एका दमात दोन सूचना दिल्या होत्या: जुना डेटा ठेव, आणि सगळं पुसून नव्याने टाक. त्याने दुसरी पाळली. अकरा रुग्णांचे आवाज गेले. स्वरयंत्र काढण्याआधी घरच्यांसाठी रेकॉर्ड करून जपलेले आवाज. दुसरी प्रत नव्हती, आणि ती माणसं आता पुन्हा बोलणार नव्हती. अहवालात ताईंची चूक निघाली, तर त्यांची नोकरी जाणार होती.

चूक निघतच होती की! एकाच श्वासात ‘ये’ आणि ‘जा’ म्हटलं, तर बिचाऱ्या पाहुण्याने करावं काय? तरी त्याचा हात पुढे सरकेना. पूर्वी असा गोंधळ झाला की इन्स्टॉलर थांबायचा. इतक्या फायली पुसल्या जातील, नक्की काय करू, असं विचारायचा. मोठी गिऱ्हाइकं वैतागली. शंभर मशीनवर काम लावून जेवायला जावं, तर हा आपला पहिल्याच मशीनवर प्रश्न विचारत बसलेला. दोन महिन्यांपूर्वी प्रोग्रामरने तो प्रश्नच काढून टाकला. शेवटची सूचना खरी, विषय संपला. टाळ्याही पडल्या होत्या. आता त्या आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि निकाल लिहायला बसलाय चोरच.

त्याने ताईंना फोन लावला.

“चूक माझीच हो, सर,” त्या रडवेल्या झाल्या.

“नाही, ताई. अहवालात मी माझी चूक लिहितोय.”

मॅडमनी चमकून वर पाहिलं. त्याने नजर वळवली. बोलून गेल्यावर त्याला जरा हलकं वाटलं.

“पण एक सांगा, दोन्ही सूचना दिल्यात कशाला?”

“मी नेहमी मुद्दामच दोन्ही द्यायचे. मला त्यातलं काय कळतंय? दोन्ही दिल्या की तो थांबायचा, काय काय जाईल ते दाखवायचा. मग मी डॉक्टरांना विचारून सांगायचे. इथल्या सगळ्या मशीनमध्ये तोच एक होता हो, करण्याआधी विचारणारा.”