फक्त याच कॉम्प्युटरवर

"हा खेळ साऱ्या दुनियेत फक्त याच कॉम्प्युटरवर चालतो!" गणिताचे निवृत्त मास्तर गुरुपादप्पा यांनी जाहीर केलं. दुनियेतला तो एकमेव कॉम्प्युटर चाळीस वर्षांचा होता आणि निलंग्यात, शेवयांच्या डब्याखाली सापडला होता.

"आज चालला न्हाई तर उद्या भंगारात," बायको बसम्मांनी बजावलं. निवाड्याला शेजारच्या शेषेरावांना बोलावलं.

खेळ होता कॅसेटमध्ये. मास्तरांनी कॉम्प्युटरला जोडलेला टेप सुरू केला आणि घरभर असा कर्कश किरकिराट सुटला की बसम्मांनी कानात बोटं घातली. "घाबरू नका, खेळ लोड व्हायलाय," मास्तर म्हणाले. शेषेराव मात्र डोळे मिटून, मन लावून ऐकत राहिले.

बऱ्याच वेळानं टीव्हीवर एक चौकोनी माणूस उगवला. त्यानं उडी मारली. मास्तरांचे डोळे भरून आले.

"बोला शेषेराव, टाकायचं हे भंगारात?"

"छ्या! लई कामाची चीज हाय."

मास्तरांनी बसम्मांकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

"फक्त तेवढी कॅसेट द्या की, मास्तर. शेतातल्या भोंग्यावर लावतो. हरभऱ्यात रानडुकरं शिरायलीत."