संजीवनीचं बटण

तिघं पलंगावर लोळत मोबाइलवर ऑनलाइन खेळत होती: ताई योद्धा, धाकटा तिरंदाज, आई वैद्य. ड्रॅगन मरताना जो उभा असेल त्यालाच मुकुट मिळणार होता, आणि ताई महिनाभर त्याच्यासाठीच झटत होती. पण ड्रॅगनने दोन्ही मुलांना एकदमच पाडलं. पडलेल्याला उठवायची संजीवनी आईकडे होती. मात्र एकदा वापरली की तिचं बटण पाच मिनिटं करडं राहायचं. धाकट्याने भोकाड पसरायच्या आत आईने त्याला उठवलं. मग तिची नजर ताईकडे गेली. "अगं, सवयीने झालं गं." "असू दे, तो लहान आहे ना," ताईने आईचंच रोजचं वाक्य म्हटलं. "पळ रे माकडा, डावीकडे!" आई बटणाकडे बघत राहिली. ते एकदाचं उजळलं. "चल, आता माझी राणी!" ताईने तिचा हात धरला. "नको, ठेव. तो परत पडेल."