पट्टी कुत्र्याने चावली

"आमच्या कुत्र्याने माझी दुखण्यावरच्या औषधाची चिकटपट्टी चावलीय," फोनवरची बाई म्हणाली. "काय करू?"

रोवेना हॅचरने उचललेली पेन्सिल पुन्हा खाली ठेवली. विषबाधा केंद्रात कुत्र्यामांजरांचे फोन घेत नसत, त्यांचा नंबर वेगळा. चार्ल्सटनच्या त्या खोलीत अकरा वर्षं फोन उचलणाऱ्या रोवेनाला तो तोंडपाठ होता. रविवारची दुपार होती, चर्च सुटून दोन तास झालेले. या वेळेला अख्ख्या वेस्ट व्हर्जिनियातली कुत्री काही ना काही खातात, असं ती नेहमी थट्टेने म्हणायची.

"बाई, जनावरांसाठी दुसरा नंबर आहे. लिहून घ्या."

"तेवढा वेळ नाही गं पोरी."

आवाज म्हाताऱ्या बाईचा होता, डोंगरातल्या एखाद्या खोऱ्यातला, रोवेनाच्या आईसारखाच खरखरीत. रोवेना नंबर सांगता सांगता थांबली.

"वजन किती त्याचं?"

"सव्वीस पौंड. मागच्या मंगळवारी लस टोचायला नेलं तेव्हा मोजलंय."

"आता काय करतोय?"

"निजलाय. कितीही हलवा, उठत नाही. ओठ निळे पडलेत."

रोवेनाच्या घरी दोन कुत्री होती. दोघांचेही ओठ काळे कुळकुळीत. तिने पेन्सिल पुन्हा उचलली.

"नाव काय त्याचं?"

"वेलन," बाई म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.

अकरा वर्षांत रोवेनाने खोटं पुष्कळ ऐकलं होतं. त्या खोऱ्यांमधून नातवंडं सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यांना एकच धाक असे, कुणाला कळलं तर सरकारी माणसं पोर उचलून नेतील. खोटं उघडं पाडण्यात वेळ घालवायचा नाही, एवढं ती शिकली होती.

"तोंडात बोट घालून पट्टी काढा आधी. निघाली?"

"निघाली. माझ्या दंडावरची सुटली गं. जेवून त्याला कुशीत घेऊन पडले, माझाच डोळा लागला मेला."

"घरात नाकात मारायचा फवारा आहे? अफूच्या जातीचं औषध जास्त झालेल्यांना, नशेबाजांना देतात तो?"

"पाद्रीबाबांनी चर्चमध्ये सगळ्यांना वाटला होता. आम्ही तसली माणसं नाही म्हणून मी फ्रीजवर टाकून ठेवला."

"आणा. पळा."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला, काहीतरी खाली पडलं. म्हातारी धापा टाकत परत आली. एका नाकपुडीत फवारा मारून झाला.

"आता फोन त्याच्या नाकाशी धरा."

रोवेनाने डोळे मिटून ऐकलं. एक श्वास आला. मग भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत राहिला, सरकतच राहिला, आणि बऱ्याच वेळाने दुसरा आला.

"आजी, पत्ता सांगा. ॲम्ब्युलन्स पाठवते."

"ॲम्ब्युलन्स नको. तू सांग, मी सगळं करते."

"आजी," रोवेना हळूच म्हणाली, "कुत्र्यासाठी ॲम्ब्युलन्स येतच नाही."

"नेतील गं त्याला. माझ्याकडे तेवढाच उरलाय."

"मी नर्स आहे, पोलीस नाही. आम्ही इथून कुणाला काही कळवत नाही."

हे खरंच होतं. इथून कळवत नसत. बालकल्याण खात्याला कळवायचे ते हॉस्पिटलातून, कायदाच तसा होता, आणि ॲम्ब्युलन्सच्या मागोमाग शेरीफचा माणूसही जायचा. रोवेनाला हे पक्कं ठाऊक होतं. तेवढं तिने गिळलं.

"मग नातवासाठी पाठव," म्हातारी म्हणाली. "मी आर्डिथ टोलर. मोडक्या पुलाच्या अलीकडे, पत्रपेटीवर नाव आहे."

ॲम्ब्युलन्स पोचेपर्यंत रोवेनाने तिला फोन ठेवू दिला नाही. नाकतोंडावर तोंड ठेवून फुंकायला लावलं, आकडे मोजायला लावले. अठराव्या मिनिटाला भोंगा ऐकू आला. त्याच्या जरा आधी पोरगं रडलं होतं, चांगलं गळा काढून, आणि रोवेनाने इकडे आपली घामाने ओली झालेली बोटं स्कर्टला पुसली होती.

दुसऱ्या दिवशी तिने नेमाप्रमाणे चौकशी केली. विचारपूस झाल्याशिवाय केंद्रात कागद मिटवत नसत. हॉस्पिटलातली नर्स हसत म्हणाली, पोरगा ठणठणीत आहे, दूध प्यायला आणि चमचा माझ्याच अंगावर फेकला. रोवेनाने कागदावर 'बरा' असं लिहिलं. आता राहिला म्हातारीच्या घरी एक फोन. एरवी हा फोन तिला फार आवडायचा. आज तिने दोनदा नंबर लावून दोनदा ठेवून दिला.

"आजी, मी कालची रोवेना. वेलन बरा आहे म्हणे."

"हो. मलाही तसंच सांगितलं." म्हातारीचा आवाज कोरडा होता. "सकाळी एक सरकारी बाई आली होती, त्याचे बूट आणि पांघरूण न्यायला. गोड बोलत होती. म्हणाली, सध्यापुरतं ठेवून घेतोय त्याला."

"आजी, जीव वाचला त्याचा."

"वाचला ना. मी कुठे नाही म्हणते?"

हॉस्पिटलातून कळवतात हे मला ठाऊक होतं, असं निदान आता तरी सांगावं, असं रोवेनाच्या मनात आलं. तिने नुसता समोरचा कागद सरळ केला.

"तुझ्या त्या कागदावर काय लिहिलंयस, पोरी?" म्हातारीने विचारलं.

"मुलगा, वय दोन वर्षं."

"खोडून टाक," म्हातारी म्हणाली. "कुत्राच लिही. कुत्र्याला कोणी नेत नाही."