दात पाहून

"जबडा धर! घट्ट!" आई मुलीवर खेकसली.

आई जनावरांची डॉक्टर. टेबलावर तडफडत होता तो मात्र घरचाच कुत्रा, बंड्या, मुलीच्या अंथरुणात लहानाचा मोठा झालेला. दवाखान्यामागच्या खोलीतलं उंदरांचं विष त्यानं खाल्लं होतं. उलटी झाली तर वाचणार, नाहीतर खेळ खलास. कपाटातल्या बाटलीतलं उलटीचं औषध आईनं दोनदा त्याच्या घशात ओतलं. ढिम्म. बंड्यानं लाथा झाडल्या, ट्रे आदळला, कात्र्या फरशीभर उडाल्या. त्याचे दात मुलीच्या तळव्यात रुतले, तरी तिनं हात काढला नाही.

"काय जाळायचंय असलं औषध!" आईनं पुन्हा बाटली उचलली.

"नको, आई. त्यात पाणी आहे."

"काय?"

"औषध मी प्यायले. जेवलेलं अंगाला लागू नये म्हणून. ताटभर जेवते म्हणून तू खूश होतीस ना? मग बाटलीत पाणी भरत गेले."

आईनं थेंब जिभेवर घेतला. बाटली भिंतीवर फुटली आणि मुलीच्या कानाखाली अशी चपराक बसली, की ती कपाटावर जाऊन आपटली.

"जीव घेतलास गं त्याचा!"

मुलीचा ओठ फुटला होता. आईनं केस धरून तिला दिव्याखाली ओढलं, गालात अंगठा खुपसला आणि जबडा उघडला. जनावराचा उघडते तसाच. दात पाहून जनावराचं वय, खाणं, दुखणं ती चुटकीसरशी सांगायची. मग तिच्या जिभेला हाड नसायचं. मालकांची सालटी काढायची, "एका घरात राहता ना? दिसलं नाही तुम्हाला?"

मुलीचे पुढचे दात उलट्यांच्या आम्लानं आतून झिजून कागदासारखे झाले होते. घसा सोलवटलेला. हे काही कालपरवाचं नव्हतं. आईचा अंगठा तोंडातून निघेना.

टेबलावर बंड्याचं पाय झाडणं थांबलं.

मुलीनं मान हिसडून तोंड सोडवलं. रक्त थुंकली.

"विचार ना आता," ती म्हणाली. "लोकांना विचारतेस ते."